मधला तुकडा

त्सुंगयी पहिल्यांदा आला तो पत्ता चुकून. खांद्यावर सायकलचा सांगाडा, केसांतून पाणी निथळतंय, आणि दारात उभा राहून विचारतोय — रंगारी कुठे बसतो?

युनशूनं यंत्र थांबवलं. "पलीकडच्या गल्लीत. पण असेच गेलात तर रंगाआधी तुम्हालाच वाळत घालतील. बसा."

तो बसला, आणि मग वर्षभर येऊन बसतच राहिला. तैवानमधल्या शेनकांगच्या मोठ्या कारखान्यात तो सायकलींचे सांगाडे आखायचा. युनशू आणि तिचे आबा घराच्या पुढच्या खोलीत डिस्क ब्रेकसाठी एकच वस्तू कातायचे. जुन्या सांगाड्याला ब्रेक बसवायला दोन कान असतात, त्यांत बोल्ट आडवा जातो. नंतर आलेल्या ब्रेकला बोल्ट सरळ लागतो. दोघांचं जमावं म्हणून मधे ॲल्युमिनियमचा तुकडा घालतात. त्या तुकड्यावर या घराची चूल पेटायची. त्सुंगयी कारखान्यातर्फे नमुने तपासायला यायचा. एवढ्याशा तुकड्याला इतका वेळ का लागतो, हे आबांना कळत नव्हतं. युनशूला कळत होतं, आणि ती मुद्दाम पेरू कापायला घ्यायची.

त्या दुपारी आबा आत कपडे बदलत होते. जागा गहाण ठेवून नवं यंत्र घ्यायचं, त्याच्या सह्या आजच होत्या. त्सुंगयीनं टेबलावर तीन सांगाड्यांचे कापलेले नमुने मांडले.

"ओळखा," तो म्हणाला. आवाजात नेहमीची थट्टा नव्हती.

"हा जुना. कान टवकारून बसलाय — तुमच्यासारखा. हा दुसरा, ताठ मानेचा. आणि हा..." तिनं तिसरा उचलला. त्याला कानच नव्हते. ब्रेक थेट नळीवर टेकणार, बोल्ट खालून येणार. "हा तर अंगाला अंग लावून बसणार. याला मधे कुणी नकोच..."

बोलता बोलता ती थांबली. मधे कुणी नको, म्हणजे त्यांचा तुकडाही नको.

"अशा सायकली किती काढणार?"

"पुढच्या वर्षी... सगळ्याच."

"हे बाहेर सांगायची मनाई असेल."

"आहे. कळलं तर नोकरी जाईल."

"मग का सांगितलंत?"

"तुम्ही कर्जात बुडणार, आणि मी तिकडे बसून हेच सांगाडे आखणार... नाही जमणार मला. युनशू, मला तुम्ही आवडता. खूप आधी सांगायला हवं होतं. पण आज हे सांगणं जास्त गरजेचं होतं."

तिला रडू आलं. राग होता, भीती होती, आणि त्या सगळ्याखाली एक सुखही होतं, त्याची तिला लाज वाटली.

आबा शर्टाची बटणं लावत, मुठीत सहीचा शिक्का घेऊन बाहेर आले. तिनं तिसरा नमुना त्यांच्या हातात दिला. "आबा, यंत्र नको. आपल्या तुकड्याचे दिवस भरले."

त्यांनी सपाट नळीवरून अंगठा फिरवला. चाळीस वर्षं धातू हाताळलेला माणूस तो. समजायला वेळ लागला नाही. मान्य करायला लागला.

"आपल्या पोटापाण्याची गोष्ट," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आणि ऐकायचं परक्या माणसाचं?"

"परका नाहीये तो, आबा."

त्सुंगयीनं चमकून वर पाहिलं. आबा स्टुलावर बसले. शिक्का खिशात टाकला, आणि दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"यंत्रवाल्याला नाही म्हणून कळवतो," ते म्हणाले. "आणि याला?"

"याला... हो म्हणून," युनशू म्हणाली.