एक्केचाळीस पावलं

सांगाडा वर्गात न्यायचा म्हणजे त्याला मिठी मारूनच न्यावा लागतो, हे तिला नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी कळलं. तसा तो हलका होता, पण बेशिस्त. एक हात सावरला की दुसरा जिन्याच्या कठड्यात अडकायचा, आणि खालचा जबडा तर एका स्क्रूच्या मेहेरबानीवर टिकून होता. अशा अवस्थेत ती जिन्याच्या मधल्या वळणावर पोचली... आणि चॅपेलची बाराची घंटा वाजली.

या शाळेत बाराची घंटा प्रार्थनाभर वाजत राहते, आणि ती संपेपर्यंत जो जिथे असेल तिथेच थांबतो. बोलायचं नाही, हलायचं नाही. सिस्टर मुख्याध्यापिकांनी तिला हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्या स्वतः एकदा खुर्चीवर चढून बल्ब बदलत असताना घंटा झाली, तेव्हा एका हातात जुना बल्ब आणि एका हातात नवा घेऊन प्रार्थनाभर तशाच उभ्या होत्या म्हणे, एखाद्या संताच्या पुतळ्यासारख्या.

तर ती थांबली. स्क्रू मात्र नास्तिक निघाला. तो टण टण करत जिना उतरून गेला, जबडा सुटला, आणि वरून येणाऱ्या एका माणसाने तो तळहातावर झेलला. मग नियम म्हणजे नियम, तोही तसाच उभा राहिला.

दीड मिनिट. वीतभर अंतरात तीन चेहरे, त्यातला एकच हसत होता, आणि तोही नाइलाजाने. त्याच्याकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण दुसरीकडे बघायला मान वळवावी लागली असती आणि ते नियमात बसत नव्हतं. त्यामुळे तिने बघितलं. पापण्यांवर खडूची भुकटी होती. शर्टाचं दुसरं बटण भलत्याच रंगाच्या दोऱ्याने लावलेलं होतं. आणि त्याचेही डोळे... त्यांनाही बिचाऱ्यांना जायला दुसरी जागा नव्हती.

घंटा संपली. “अंदाजे नव्वद सेकंद,” तो म्हणाला, आणि जबडा तिच्या हातात ठेवून खाली निघून गेला.

हे गणिताचे सर, ही माहिती तिला शिक्षकांच्या खोलीत मिळाली. सहा वर्षं इथेच शिकला, आता सहा वर्षं इथेच शिकवतोय. वर्गात दशांशाचा तिसरा अंक सोडत नाही आणि वर्गाबाहेर कशालाच धड हो-नाही म्हणत नाही. चहात साखर किती, तर अंदाजे दोन चमचे. लग्न कधी, तर अंदाजे पुढेमागे. मुलांनी त्याचं नाव अंदाजे सर ठेवलं होतं. तिचंही बारसं तोवर उरकलं होतं. जीवशास्त्राच्या सिस्टरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांच्या जागी एका सत्रापुरती आलेली म्हणून ती तात्पुरत्या बाई.

दुसऱ्या दिवशी बाराला दोन मिनिटं कमी असताना तो वळणावर हजर होता, हातात स्क्रू घेऊन. स्क्रू लहान पडला. उद्या दुसरा आणतो, म्हणाला. उद्याचा मोठा निघाला. परवाचा आखूड. गणिताच्या माणसाला एका स्क्रूचं माप तीन आठवडे सापडेना, आणि प्रयोगशाळेच्या खणात योग्य मापाचे स्क्रू डबाभर पडलेत हे सांगायचं तिच्याही रोज राहूनच गेलं.

सांगाड्याचा व्यायाम वाढला. नववीला पानांचा धडा सुरू झाला तरी तो वर्गात येतच होता. मागच्या बाकावरच्या मुलीने एकदा विचारलंच, बाई, पानांना हाडं असतात का?

“नसतात,” ती म्हणाली. “ते नीट कळावं म्हणूनच आणलाय.”

एकदा तिने त्याला छेडलं. “रोज बाराच्या ठोक्यालाच बरं तुमचं इथे काम निघतं.”

“अंदाजे बाराच्या.”

“मला वाटलं, यांना भेटायला येता.” तिने सांगाड्याकडे बोट केलं.

“यांना भेटून बरं वाटतं,” तो म्हणाला. “पण यांच्यासाठी मी केस विंचरून आलो नसतो...”

आणि घंटा झाली. पुढचं वाक्य दोघांनी नव्वद सेकंद तोंडात धरून ठेवलं, आणि घंटा संपेपर्यंत त्याचा धीर संपला.

सत्र संपत आलं तशी सिस्टर मुख्याध्यापिकांनी तिला बोलावून घेतलं. गुडघेवाल्या सिस्टर आता फक्त ग्रंथालय बघणार होत्या. जागा कायमची हवी असेल तर शुक्रवारी बाराच्या प्रार्थनेनंतर हो की नाही ते सांगायचं, त्यांनी बजावलं. इकडे आईचे फोनवर फोन. घराजवळच्या शाळेत जागा होती, आणि आईने तिच्या खोलीचे पडदेसुद्धा शिवून ठेवले होते. मावशीचं म्हणणं, पडदे शिवले म्हणजे मुलगी आलीच.

तिला शाळा आवडली होती. पण इथे राहून रोज बाराला तो चेहरा बघायचा आणि रोज अंदाजावर जगायचं, हे तिच्याच्याने होणार नव्हतं. गुरुवारी तिने सरळच विचारलं, मी राहावं असं तुम्हाला वाटतं का?

“अंदाजे...” त्याच्या तोंडून गेलं, आणि घंटा झाली.

तो एक शब्द नव्वद सेकंद दोघांच्या मधे लोंबकळत राहिला. घंटा संपल्यावर तिने त्याच्या हातातून जबडा काढून घेतला. “उद्या बाराला नक्की काय ते सांगा. अंदाजे असेल तर... येऊच नका.”

शुक्रवारी परीक्षा होती आणि त्याची देखरेख पटांगणापलीकडच्या हॉलमध्ये. ती वळणावरच्या खिडकीशी उभी राहिली, सांगाड्याला धरून. खरं तर त्याचाच आधार घेऊन. बाराला काही सेकंद कमी असताना हॉलचं दार उघडलं. तो बाहेर आला, पाऊल टाकलं, आणि घंटा झाली.

तो थांबला. अर्थात थांबला. एकदा नाकावर मधमाशी बसली होती तेव्हाही तो हलला नव्हता म्हणे. बारा वर्षांत एकदाही नाही. पटांगणात सगळंच थांबलं होतं. माळीबाबांची झारी एकाच रोपावर रिती होत होती. व्हरांड्यात सिस्टर मुख्याध्यापिका हात जोडून उभ्या होत्या, बरोबर त्याच्या वाटेवर. संपलं, तिला वाटलं. घंटेनंतर लगेच तिला उत्तर द्यायचं होतं.

आणि तो चालायला लागला.

त्याला कुणी अडवू शकलं नाही, कारण अडवायचं तर हलावं लागतं. सगळी शाळा नुसत्या डोळ्यांनी त्याच्या मागे गेली. त्याचे बूट करकरत होते. सिस्टरांच्या अगदी समोरून तो गेला, तेव्हा त्यांची एक भुवई वर चढली. भुवई हलणं नियमात बसतं का, यावर शाळेत अजून एकमत नाही.

जिन्यावर पावलं वाजली. तो वर आला, जबड्याखाली हात धरला, थांबला आणि डोळे मिटून उरलेली प्रार्थना पुटपुटत पूर्ण केली. तिचं मन प्रार्थनेत नव्हतं, किंवा फार होतं.

घंटा संपली.

“राहा,” तो म्हणाला. “मला तुम्ही आवडता. यात अंदाजे काही नाही. आणि... योग्य मापाचा स्क्रू दुसऱ्या दिवसापासून माझ्या खिशात आहे.”

“माझ्याकडे डबाभर आहेत,” ती म्हणाली.

तेवढ्यात सिस्टर जिना चढून आल्या. तो त्यांचा जुना विद्यार्थी. त्याला त्या अजून अरे-तुरेच करायच्या.

“प्रार्थना चालू असताना चाललास?”

“हो, सिस्टर.”

“किती पावलं?”

“एक्केचाळीस.”

“अंदाजे?”

“नाही, सिस्टर. मोजली.”

सिस्टरांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. बारा वर्षांत हे पोरगं पहिल्यांदा धड उत्तर देत होतं. मग त्यांनी शिक्षा सांगितली: पुढच्या सत्रापासून एक्केचाळीस दिवस बाराची घंटा त्यानेच वाजवायची. आणि त्या तिच्याकडे वळल्या. “तुमचं काय, बाई?”

“राहते,” ती म्हणाली.

आईचे पडदे पार्सलने आले आणि प्रयोगशाळेत लागले. मुलांनी मात्र नाव बदललं नाही; कायमच्या झाल्या तरी त्या तात्पुरत्या बाईच.

घंटा वाजवणाऱ्याला तेवढी हलायची मुभा असते. सत्राच्या पहिल्या दिवशी बाराला दोन मिनिटं कमी असताना ती सांगाडा घेऊन घंटेच्या दोराजवळ जाऊन उभी राहिली, आणि पुढेही रोज. बेचाळिसाव्या दिवशी दोर ओढायला पुन्हा तोच आला. माळीबाबांनी सिस्टरांना आठवण करून दिली, की एक्केचाळीस दिवस झाले.

“अंदाजे,” सिस्टर म्हणाल्या, आणि हात जोडून उभ्या राहिल्या.