रुमाल टाकलेली जागा

कीर्तनाला नेमानं जाणाऱ्या माणसाची देवळात एक ठरलेली जागा असते. कुंडलिकरावांची जागा पारनाक्याजवळच्या विठ्ठलाच्या देवळात, डावीकडच्या खांबाला टेकून, पंख्याच्या वाऱ्यात. त्यांच्या शेजारी त्यांच्या पत्नी, मालनताई बसायच्या. मांडी घालून, टाळी धरून, बुवांच्या आधी कथेचा शेवट पुटपुटत. मालनताई गेल्या त्याला दुसरा आषाढ झाला, पण कुंडलिकराव आले की आधी खिशातला चौकड्यांचा रुमाल काढून शेजारी सतरंजीवर टाकायचे आणि मगच खांबाला पाठ लावायचे. उभी हयात खोपटच्या एसटी आगारात गेलेली. रुमाल टाकला की जागा आपली, हा कायदा हाडात मुरलेला. देवळातल्या माणसांनाही ठाऊक होतं. त्या रुमालावर कुणी बसत नसे.

कीर्तन आठवड्यातून दोनदा. बाकीचे दिवस लांब असतात. कल्याणच्या त्या दोन खोल्यांत सकाळी कुकरची शिट्टी झाली की तेवढाच काय तो आवाज. मुलगी संचिता पुण्याला. तिनंच वडिलांना फोनवर फोटो काढायला शिकवलं आणि ‘रोजचं पाहणं’ नावाच्या ग्रुपमध्ये घातलं. ठाणे, डोंबिवली, कल्याणची हौशी मंडळी. रोज प्रत्येकानं स्वतः काढलेला एक फोटो टाकायचा. कुणाचं फुललेलं कण्हेर, कुणाची मसाल्यांची दुकानं, कुणी कोकणात गेलेलं असलं तर तिथला एखादा साकव.

ग्रुप चालवायच्या क्लेमेंटिनाबाई. ठाण्यात चरईत राहायच्या, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, आणि सगळ्यांच्या फोटोंवर अजून लाल पेन घेऊन बसल्यासारख्या.

‘कुंडलिकराव, बगळा झकास. पण तुमची सावली परत आली हो फोटोत!’

हा कुंडलिकरावांचा कायमचा दोष. सकाळी फिरायला जायचे, ऊन पाठीशी घ्यायचे आणि फोटो काढायचे. मग खालच्या कडेला त्यांची सावली यायचीच. डोक्यावर टोपी, दोन्ही कोपरं बाहेर. फोन धरलेल्या माणसाची सावली अशीच पडते, दोन कानांच्या हंड्यासारखी.

‘काका, लोगो आहे तो तुमचा,’ डोंबिवलीचा मयूर लिहायचा. ‘बदलू नका. कडक दिसतो.’

कुंडलिकराव हे पुन्हा पुन्हा वाचायचे. दिवसभरात त्यांच्याशी कुणी बोललेलं असं तेवढंच असायचं.

दिवाळी सरल्यावरची गोष्ट. मोहन्याला नदीकाठी गेले होते. पलीकडे बंद कारखान्याची धुरांडी, अलीकडे धुणं वाळत घातलेलं. साडीचा हिरवा रंग पाण्यात उतरला होता, त्याचा फोटो काढला आणि घरी येऊन टाकला.

‘अरे वा,’ क्लेमेंटिनाबाईंचं उत्तर आलं. ‘आज सोबत कोण होतं?’

कुंडलिकरावांनी चष्मा लावून फोटो मोठा केला. खालच्या कडेला टोपीवाला हंडा होता. आणि त्याच्यामागे, थोडी डावीकडे, आणखी एक सावली.

कुणी वाटसरू असेल, त्यांना वाटलं. पण त्या काठावर तेव्हा चिटपाखरू नव्हतं. धुणं वाळत घालणारी बाईही केव्हाच वर गेली होती.

पुढचा फोटो गांधारी पुलावरचा. पुलावरून नदीवरचं धुकं. दोन सावल्या. दुसरीचे हात खाली, अंगाला चिकटलेले. मग खाडीकडच्या पायवाटेवरचा, एरंडाच्या झुडपाचा. दोन सावल्या. कुंडलिकराव आता फोटो काढताना मुद्दाम खाली बघायचे. जमिनीवर सावली एकच असायची, त्यांची. मान वळवली तर मागे मोकळी वाट. फोटोत मात्र दोन.

‘एचडीआरचा घोळ आहे काका,’ मयूरनं समजावलं. ‘फोन एकाच वेळी दोन-तीन फोटो काढून चिकटवतो. तुम्ही हललात की डबल येतं. सेटिंगमध्ये जाऊन बंद करा.’

कुंडलिकराव सरळ विचाराचे. वेळापत्रक बिघडलं तर गाडी का थांबली ते शोधायचं, नशिबाला बोल लावायचा नाही, ही सवय. त्यांनी सेटिंग बंद केलं. दुसऱ्या दिवशी टाकीजवळच्या पिंपळाचा फोटो काढला.

दोन सावल्या. दुसरी आता हातभर अंतरावर.

खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटली नाही. त्या दिवशी त्यांनी चहा केला तेव्हा दूध जरा जास्तच टाकलं. घरात बोलायला लागले. “आज थंडी आहे हं,” असं काहीतरी. उत्तर नाही आलं, पण बोललेलं वाया गेलं असंही वाटलं नाही.

रविवारी संचिताचा फोन आला.

“बाबा, खोली रिकामी आहे तुमच्यासाठी. जानेवारीत या. आता किती दिवस एकटे राहणार?”

“एकटा कुठं आहे?”

“म्हणजे?”

“म्हणजे ग्रुप आहे, देऊळ आहे,” ते घाईनं म्हणाले. “आणि तिकडे कीर्तन कुठं असतं तुमच्या सोसायटीत?”

“यूट्यूबवर लावून देईन की!”

“यूट्यूबवर बुक्का लावतात का गं?”

ती हसली. तेही हसले. विषय राहिला.

त्या आठवड्यात बुवा रंगात होते. पूर्वरंगात दृष्टान्त देताना म्हणाले, “एसटीत आपण खिडकीतून रुमाल टाकतो आणि म्हणतो, जागा धरली. का हो कुंडलिकराव?” सगळा मंडप हसला. कुंडलिकरावांनी कौतुकानं मान डोलावली. “पण बाबांनो, रुमालावर नाव असतं का कुणाचं? नसतं! जो आधी चढेल तो रुमाल उचलून बसतो, आणि आपण भांडत राहतो. मनातल्या जागेचंही तसंच आहे. तिथं नाव घालून ठेवा, देवाचं घाला. नुसती मोकळी राखली, तर कोण येऊन बसेल याचा नेम नाही.”

मध्यंतर झालं. पेटी थांबली. बुवांच्या पत्नी, सगळे त्यांना काकू म्हणत, बुक्क्याची वाटी घेऊन ओळीनं निघाल्या. कुंडलिकरावांच्या कपाळाला बुक्का लावला. मग बोट पुन्हा वाटीत बुडवून त्या शेजारी वळल्या आणि थबकल्या.

“अगोबाई. उठून गेले वाटतं?”

“कोण?”

“तुमच्या शेजारी बसलेले. मघाशी होते ना, टोपी नसलेले?” काकू रुमालाकडे बघत राहिल्या. मग हसल्या. “वय झालं हो माझं,” म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

घरी येताना कुंडलिकरावांना पहिल्यांदा बोचलं. टोपी नसलेले, म्हणाल्या. नसलेल्या नाही.

त्यांनी सगळे फोटो एकापाठोपाठ एक पाहिले. मालन त्यांच्या खांद्याला लागायची. लग्नाच्या फोटोत तिला पाटावर उभं करायला लागलं होतं, त्यावरून तिचा भाऊ जन्मभर चिडवायचा. फोटोतली दुसरी सावली त्यांच्यापेक्षा वीतभर उंच होती. पदर नाही, अंबाडा नाही. आणि प्रत्येक फोटोत थोडी पुढे. शेवटच्या फोटोत तर दोघांचे खांदे एकमेकांत मिसळले होते.

सकाळी क्लेमेंटिनाबाईंचा फोन आला. एरवी त्या फक्त लिहायच्या.

“कुंडलिकराव, रागावू नका हं. मला ते फोटो बघवत नाहीत. आमच्यात म्हातारी माणसं सांगायची, बोलावल्याशिवाय आलेल्याला पाट देऊ नये. तुम्ही एक करा. उन्हाकडे तोंड करून फोटो काढा. सावली मागे पडेल, फोटोत येणारच नाही.”

“मागे पडली तर मला दिसणार नाही बाई.”

“तेच तर सांगतेय.”

“आणि दिसली नाही म्हणजे नसेल का?”

मग त्या म्हणाल्या, “पोरीकडे जा तुम्ही. तिथं बसून फोटो पाठवा. मी चुका काढेन, शब्द देते.”

जावं, असं त्यांनाही वाटलं. पण स्वयंपाकघरात गेले, चहाला आधण ठेवलं आणि दोन कप काढले गेले. ते दोन्ही कप त्यांनी ओट्यावर शेजारी शेजारी मांडले. मालन नसेना का. कुणीतरी होतं ना. दोन वर्षांत दुसरा कप बाहेर आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते खडवलीला गेले. नदीचं पाणी उतरलेलं, वाळू उघडी पडलेली, वर कोवळं ऊन. मालनला घेऊन ते इथं यायचे, एका सपाट खडकावर बसून घरून आणलेले पोहे खायचे. त्याच खडकावर बसले. ऊन पाठीला लागत होतं. समोर वाळूवर त्यांची एकट्याची सावली.

त्यांनी खिशातून रुमाल काढला. घडी उलगडली. शेजारी खडकावर अंथरला.

नाव घेतलं नाही. कुठलं घ्यावं ते त्यांना कळेना.

“बस,” म्हणाले.

पाण्यावरून वारा आला. त्यांनी फोन उचलला आणि वाळूचा फोटो काढला. तिथूनच ग्रुपवर टाकला.

क्लेमेंटिनाबाईंचं उत्तर आधी आलं. ‘सुटलात! आज एकच सावली. देवाची कृपा.’

मग मयूरचं. ‘काका मस्त. पण हात खाली आहेत तुमचे. मग फोटो कोणी काढला?’

त्यांनी फोटो मोठा केला. वाळूवर बसलेला एक माणूस. टोपी नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर.

कुंडलिकरावांनी डोक्याला हात लावला. टोपी होती. हळूहळू नजर फोनवरून वाळूवर नेली. आजवर त्यांना जमिनीवर स्वतःच्या सावलीशिवाय कधी काही दिसलं नव्हतं.

त्यांनी हात वर केला. हलवला.

वाळूवरची सावली गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिली.

रुमाल गोळा करून ते निघाले. वाटेत एकदाही खाली पाहिलं नाही. संचिताला फोन लावू, येतो म्हणू, असं ठरवलं. पण संध्याकाळी कीर्तन होतं. आधी देवळात जाऊ, चार माणसांत बसू, बुक्का लागू दे कपाळाला. मग फोन.

देऊळ भरलेलं होतं. झांज वाजत होती, उदबत्तीचा वास होता, आणि त्या वासानंच त्यांचे डोळे भरून आले. आज त्यांनी शेजारी रुमाल टाकला नाही. कुणीही येऊन बसू दे. खांबाला पाठ लावली.

कुणी बसलं नाही.

ओळखीच्या दोघांना त्यांनी मान लववून नमस्कार केला. ते दोघे त्यांच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघून हसले.

मध्यंतर झालं. पेटी थांबली. काकू वाटी घेऊन आल्या. कुंडलिकरावांनी टोपी मागे सारून कपाळ पुढे केलं.

काकूंनी शेजारी बुक्का लावला. हवेत, कुंडलिकरावांच्या डोक्यापेक्षा वीतभर उंच. त्यांचं बोट कुठंतरी टेकलं आणि बुक्का तिथंच राहिला.

मग त्या कुंडलिकरावांकडे वळल्या. वाटीतलं बोट वाटीतच थांबलं.

त्यांनी काकूंच्या नजरेबरोबर खाली पाहिलं. ते चौकड्यांच्या रुमालावर बसले होते. नीट चार टोकं ताणून अंथरलेला.

“काकू,” ते म्हणाले. “अहो काकू, मी.”

काकूंनी ज्याला बुक्का लावला होता त्या शेजारच्याला विचारलं, “ही जागा कुणासाठी धरलीय हो?”

त्या क्षणभर थांबल्या. ऐकल्यासारखी मान हलवली. चेहरा हळवा झाला.

“असू दे, असू दे,” म्हणाल्या. “बसणार नाही कुणी.”

आणि रुमालाला पाय लागू नये म्हणून पदर सावरून, कडेकडेनं पुढे गेल्या.