खोलीत दोष नव्हता

"आता कुणी बोलू नका हं, मोजणी सुरू होतेय," असं म्हणून क्रांतीनं बटण दाबलं, आणि नेमका तेव्हाच दुकानाचा काचेचा दरवाजा ढकलून एक भिजलेला तरुण आत आला आणि सणसणीत शिंकला.

मोजणी वाया गेली.

शाहूपुरीतल्या या दुकानात क्रांती वडिलांच्या जोडीनं घरगुती साउंड सिस्टीम विकायची, लोकांच्या घरी जाऊन बसवूनही द्यायची. आज एका गिऱ्हाइकाला ती नवा अ‍ॅम्प्लिफायर दाखवत होती. आपण बसतो त्या खुर्चीवर माईक ठेवायचा. मशीन स्पीकरमधून एक आवाज सोडतं... खाली घुमणाऱ्या सुरापासून चढत चढत बारीक शिट्टीपर्यंत. भिंती, पडदे, कपाटं त्या आवाजाचं काय करतात ते माईक ऐकतो, आणि खोलीत जे जास्त घुमतं ते मशीन आपलं आपण कमी करतं. माणसानं फक्त गप्प बसायचं.

"पावण्यांनी शिंक बाहेर टाकून यायची," क्रांती वैतागून म्हणाली.

"मला वाटलं दुकान हाय. ऑपरेशन थेटर हाय हे कुठं ठाऊक?" केसांतलं पाणी झटकत तो हसला. गिऱ्हाईकही हसलं. क्रांतीनं ओठ घट्ट मिटले... पण डोळ्यांनी दगा दिला.

त्याचं नाव सम्राट. लग्नाकार्यात वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्राचा आवाज तो सांभाळायचा. वायर घ्यायला आला होता. वायर घेतली तरी जाईना.

"मशीनला विचारून ऐकायचं म्हणजे... जेवताना वजनकाट्याला चव विचारल्यासारखं. आमच्यात आधी कान, मग बटण."

"कान रोज बदलतो. सर्दी झाली तरी बदलतो," क्रांती म्हणाली. "आत्ता तुमचा बदललाय."

"मग या की घरी. इक्वलायझरची एकेक पट्टी हातानं वरखाली करून आवाज लावलाय मी. ऐका, मग भांडा."

"नुसतं भांडायला?"

"भडंग बी हाय."

पुढच्या रविवारी ती माईक घेऊन मंगळवार पेठेत गेली. सम्राटच्या आईनं चहा दिला आणि तिच्याकडं जरा जास्तच प्रेमानं बघितलं. खिडकीजवळच्या खुर्चीत सम्राटनं तिला बसवलं, एक जुनी बैठकीची लावणी लावली आणि स्वतः भिंतीला टेकून डोळे मिटले.

क्रांतीचे दात शिरशिरले. झांजेचा प्रत्येक ठोका कानात टाचणीसारखा जात होता. गाणारीच्या तोंडचा 'स' तर ब्लेडसारखा कापत होता. असं कुणी मुद्दाम लावेल? तिनं वळून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की ती ऐकायचं सोडून त्याच्याकडंच बघत राहिली...

मग तिनं त्याच्या पट्ट्या बंद ठेवून नुसती खोली मोजायला घेतली. घुमणारा सूर निघाला, चढत गेला, बारीक होत गेला.

"झालं की," म्हणत सम्राट उठला.

क्रांतीच्या कानात शिट्टी अजून चालूच होती.

पडद्यावर रेघ उमटली. खोली छान होती, थोडा बास घुमत होता इतकंच. पण सम्राटनं हातानं वर चढवलेल्या पट्ट्या बारीक आवाजाच्या टोकाला डोंगरासारख्या उभ्या होत्या. तो डोंगर खोलीसाठी नव्हता.

"काय म्हणतंय तुमचं मशीन?"

"खोलीत दोष न्हाय म्हणतंय."

"मग मी जिंकलो की हरलो?"

"...भडंग झकास हाय," ती म्हणाली. त्याच्या हसऱ्या डोळ्यांसमोर दुसरं काही तिला सुचलंच नाही.

त्यानंतर भेटी वाढत गेल्या. कधी वायर, कधी प्लग, कधी काहीच नाही. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. दर वेळी क्रांती ठरवायची, आज त्या डोंगराचं सांगायचं. आणि दर वेळी तो असं काहीतरी बोलायचा की ती हसत घरी यायची, आणि रस्त्यात तिचं हसू विझायचं.

मग ती त्याचा ऑर्केस्ट्रा ऐकायला एका हॉलमधल्या लग्नात गेली, आणि तिनं पुढच्या रांगेतल्या बायकांना कानांत बोटं घालताना बघितलं. एक तान्हं बाळ कळवळून रडत होतं. ऑर्केस्ट्राचा मालक सम्राटच्या टेबलाशी येऊन चारचौघांत ओरडला, "कान फुटलं लोकांचं! बहिरा हायस काय रं?"

सम्राट गोंधळून पट्ट्यांकडं बघत राहिला. त्याला तर सगळं ठीक ऐकू येत होतं.

त्याच संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावर पावसाची भुरभुर चालू होती. एकाच छत्रीखाली दोघं बसले होते.

"मालकाचं डोकं फिरलंय," सम्राट म्हणाला.

क्रांतीनं मोबाईल काढला. इयरफोनचं एक टोक त्याच्या कानात घातलं, एक आपल्या. मग त्याचा हात हातात घेतला. पहिल्यांदाच.

"आवाज संपला की माझा हात सोडायचा," ती म्हणाली.

"मग न संपणारा लाव की."

तिनं मोजणीचा तोच आवाज लावला. सूर चढू लागला. वर, आणखी वर... सम्राटनं हात सैल सोडला. क्रांतीची बोटं मात्र त्याचा पंजा धरून होती. तो हसत होता. मग हसू कमी झालं.

"अजून... हाय?"

तिनं मान हलवली. बऱ्याच वेळानं तिची बोटं सुटली.

तळ्यावरून वारा आला. सम्राट ओल्या दगडांकडं बघत बोलला. गेल्या वर्षी पोटात गाठ निघाली होती. केमो झाली, गाठ गेली. औषधानं कानाला त्रास होईल, असं डॉक्टर म्हणाले होते. "मी म्हटलं, जीव वाचला, कानाचं बघू. मग वाटलं, काय झालंच न्हाय." तो थांबला. "तुला कधी कळलं?"

"तुझ्या घरी."

"तेव्हापासून? लोक कानांत बोटं घालत हुते, आन् तू माझ्यासंगं हसत हुतीस?"

"मला भ्या वाटलं—"

"मला न्हाय वाटणार?"

छत्री तिच्या हातात ठेवून तो पावसातून निघून गेला. त्यानं फोन उचलले नाहीत. ऑर्केस्ट्राचं कामही सुटल्याचं कुणीतरी सांगितलं.

दिवाळीच्या आसपास त्याची आई दुकानात आली. उभ्या उभ्याच रडली. "गाठ परत आलीया, पोरी. डॉक्टर म्हणत्यात त्येच औषध पायजे. ह्यो न्हाय म्हणतोय. राहिलेलं कान बी जातील म्हणतोय. तू सांग बाई त्येला."

क्रांती गेली. सम्राट खिडकीजवळच्या त्याच खुर्चीत बसला होता. स्पीकर बंद होते. मधल्या काळात गाल आत गेले होते.

"समजवायला आलीस?"

"न्हाय. लावायला आलोय." कोल्हापूरच्या पोरी जिद्दीला पेटल्या की पोरांसारख्याच बोलतात.

ती जमिनीवर बसली. एकेक सूर वाजवून विचारू लागली, हा येतोय? हा किती? तो आधी बोलेना. मग चिडून बोलू लागला, मग नीट. त्याच्या उत्तरांप्रमाणं ती एकेक पट्टी हलवत गेली. जे त्याला मुळीच ऐकू येत नव्हतं ते तिनं चढवलं नाही, नुसता कचरा होतो म्हणाली. अंधुक येत होतं तेवढं उचललं. मग गाणं लावलं. तिला स्वतःला ते वेडंवाकडं वाटत होतं. सम्राटनं मात्र मान वर केली. गाणारीचा शब्द अन् शब्द त्याला कळत होता.

"मशीन खोली सरळ करतं," क्रांती म्हणाली. "तुझ्यासाठी हातानंच लावाय पायजे. औषधानंतर परत. त्याच्यानंतर परत. मी येत जाईन."

"आणि लावण्यासारखं काय उरलंच न्हाय तर?"

तिनं गाणं बंद केलं. "तर गप्प बसू. पण शेजारी बसू. त्यासाठी तू पायजेस ना, सम्राट..."

त्यानं तोंड फिरवलं. खांदे हलत राहिले. आतून आईच्या भांड्यांचा आवाज थांबला होता.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात भरती झाला.

औषधानं जे न्यायचं ते नेलं. केस गेले, चव गेली, आणि फेब्रुवारीपर्यंत माणसांचं बोलणं त्याला भिंतीपलीकडून यावं तसं यायला लागलं. भेटायला येणारी मावशी ओरडून बोलायची. त्याला नुसता गोंगाट कळायचा. क्रांती समोर बसायची, चेहऱ्यावर उजेड येईल अशी, आणि खालच्या आवाजात, सावकाश बोलायची. निम्मं तो कानानं घ्यायचा, निम्मं तिच्या ओठांवरून.

गाठ विरघळली की नाही, ते पुढच्या तपासणीत कळणार होतं. डॉक्टर कसलीच खात्री देत नव्हते.

त्या दुपारी वॉर्ड भरलेला होता. कुणी डबे उघडत होतं, कुणी सलाईनच्या बाटलीकडं बघत बसलं होतं. सम्राटनं तिला खुणेनं जवळ बोलावलं. इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकत नाही याची खात्री केली, आणि तिच्या कानाशी येऊन कुजबुजला. म्हणजे, त्याला वाटलं की आपण कुजबुजतोय.

"माझ्यासंगं लगीन करणार काय?"

सगळा वॉर्ड गप्प झाला. डबा उघडणारी म्हातारी झाकण धरून तशीच राहिली. दारातली नर्स थांबली. सम्राटच्या आईनं पदर तोंडात कोंबला.

"तपासणीचं काय बी येऊ दे," तो तेवढ्याच जोरात, तेवढ्याच नाजूकपणे म्हणाला. "आन् हळू सांग. लोक हायत."

क्रांतीनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्याला स्वच्छ दिसेल अशी, डोळ्यांतलं पाणी न पुसता, होकाराची मान हलवली.