या एकदा आमच्याकडे

ही गोष्ट खरी आहे. उभं आयुष्य मी शाळेत शिकवलं. मुलांना खोटं सांगायची सवय मला कधी लागली नाही. तुम्हालाही सांगणार नाही.

मुलुंड पूर्वेला, आमच्या सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर हे घडलं. याच वर्षीच्या जानेवारीत.

आणि रात्री नाही... भर दुपारी.

घरात आम्ही चौघं. मी, मुलगा निहार, सून चेतना आणि चौथीत शिकणारी नात श्रुतिका. दुपारी आसपासची मुलं माझ्याकडे गणिताला येतात. भाऊ सर म्हणतात मला. ती येणार म्हणून आमचं लाकडी दार उघडं असतं आणि बाहेरचा जाळीचा सेफ्टी डोअर बंद.

नाताळच्या सुट्टीत तिघं ओमानला फिरायला गेली. माझा गुडघा वाळूत चालणारा नाही, म्हणून मी मागे राहिलो. पण जाण्याआधी श्रुतिकाची तयारी मीच करून घेतली. परक्या मुलखात, तेही वाळवंटात, कसं वागायचं याची.

"कपडे?"

"अंगभर."

"फोटो?"

"विचारल्याशिवाय कुणाचा काढायचा नाही. आणि कुणी काही दिलं तर उजव्या हाताने घ्यायचं."

"आणि वाळूत?"

"एकटं फिरायचं नाही. पाण्याची बाटली सोडायची नाही. झालं ना आबा! किती बोअर करतोस."

"शेवटचं. कुणी पाहुणचार केला, तर निघताना काय म्हणायचं?"

तिने हात जोडले, मान वाकडी केली आणि एखाद्या काकूबाईसारखा आवाज काढला. "या हं एकदा आमच्याकडे!"

आम्ही सगळे हसलो.

आपण सगळेच म्हणतो ते. कुणी खरंच येईल असं धरून कोण म्हणतं?

परत आली तेव्हा पोर उन्हाने रापली होती. बाकी ठीक होती. निहारने मात्र एक गोष्ट सांगितली.

"मधे थोडा वेळ गायबच झाली होती, बाबा. फोटो काढत एका टेकाडामागे गेली. चेतनाची तर वाट लागली होती नुसती. शेवटी आमच्या ड्रायव्हरने, सालेमने शोधली. बसली होती एकटीच. मजेत."

एकटीच.

तेव्हा मी तो शब्द मनावर घेतला नाही.

काही दिवसांनी श्रुतिकाला तहान लागू लागली.

आपल्याला लागते तशी नाही. बाटली तोंडाला लावली की रिकामी करूनच खाली ठेवायची. आणि लगेच, "आई, पाणी."

ओठ फुटले. गाल बसले. दुपार झाली की अंग तापायचं, ऊन उतरलं की निवायचं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर तपासली. काही सापडलं नाही. पण पोर डोळ्यांदेखत सुकत चालली होती.

त्याच दिवसांत आमच्या जिन्यातली कबुतरं गेली.

जिन्याच्या खिडकीत त्यांचा नुसता उच्छाद होता. जाळ्या लावून, हाकलून आम्ही थकलो होतो. ती आपणहून नाहीशी झाली. दुपारचं ते घुमणं थांबलं, तेव्हा घर एकदम रिकामं वाटलं.

आणि त्या शांततेत... दुसराच आवाज येऊ लागला.

टिण्... टिण्...

दोन लहान पेले एकमेकांवर वाजवावेत तसा. अगदी दाराबाहेर.

त्याबरोबर लाकडाच्या धुराचा वास. आणि त्यात... वेलदोडा.

समोरच्या घराला तर कुलूप होतं.

एके दुपारी मुलं भागाकार करत होती. आमच्याच बिल्डिंगमधला ओजस उशिरा आला. आत येऊन दप्तर टाकलं आणि म्हणाला, "सर, बाहेरच्या आजोबांना आत घेऊ का?"

"कोण आजोबा रे?"

"बसलेत ना दाराशी. मी म्हटलं आत चला. तर नुसते बघतच राहिले."

मी उठलो. जाळीतून बाहेर पाहिलं.

कुणी नव्हतं.

मुलांच्या चपला मात्र होत्या. ओळीने काढलेल्या. फक्त ओळीच्या मधोमध... त्या दोन्हीकडे सरकल्या होत्या. एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा होती तिथे.

मी जाळीवर हात टेकला आणि चटकन मागे घेतला.

लोखंड तापलं होतं. जानेवारीत. सावलीत.

"ओजस, त्यांच्याकडे काय होतं रे?"

"काही नाही सर. हातात वाटी होती छोटी. रिकामी."

शिकवणी सुटली. मुलं धडपडत, ढकलाढकली करत बाहेर पडली. पण त्या मोकळ्या जागेवरून एकही गेलं नाही. सगळी वळसा घालून गेली.

कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

संध्याकाळी मी श्रुतिकाच्या उशाशी बसलो. चेतना ग्लास घेऊन उभी होती.

"बाळा, त्या टेकाडामागे कोण होतं गं?"

"आजोबा होते एक. त्यांचा तंबू होता. धुराचा, वेलदोड्याचा वास येत होता." तिचा आवाज कोरडा झाला होता. "माझी बाटली गाडीत राहिली होती, आबा. चक्कर येत होती. त्यांच्याकडे वाटीत एवढंसंच पाणी होतं. सगळं मला दिलं."

"उजव्या हाताने घेतलंस?" का विचारलं, मला माहीत नाही. तोंडातून गेलं.

"हो. आणि निघताना म्हटलं, या एकदा आमच्याकडे."

"त्यांना मराठी कळलं?"

"त्यांनी छातीवर हात ठेवला ना. म्हणून मग मी पत्ता पण सांगितला."

"पत्ता?"

"मुलुंड पूर्व, तिसरा मजला, दारावर गणपती आहे ते घर. तूच तर पाठ करून घेतलायस."

चेतनाने ग्लास खाली ठेवला. 

निहारने लगेच सालेमला फोन लावला. स्पीकरवर. सालेमने सगळं ऐकून घेतलं. मग त्याच्या हिंदीत हळू म्हणाला, "साहब, उधर कोई तंबू नहीं है. कुआँ सूख गया, सब लोग चले गए. एक बूढ़ा नहीं गया. बोलता था, रास्ते में कोई प्यासा आया तो? सबको पानी देता था. फिर उसका पानी खत्म हुआ... और कोई आया नहीं."

मग त्याने विचारलं, "साहब... दरवाजे पे आए हैं क्या? पानी पूछा उनको?"

निहारने फोन ठेवला.

"बाबा, दार उघडायचं नाही," चेतना म्हणाली. "अनोळखी माणसाला दार उघडू नये, हे तुम्हीच शिकवता ना मुलांना? मग?"

"आत या असं मी म्हणणार नाही, चेतना. पण दारात आलेल्याला पाणीसुद्धा विचारायचं नाही? तिच्याच बोलावण्यावरून आलाय तो. बाहेर तहानलेला बसलाय. म्हणूनच आत हिची तहान भागत नाहीये."

"आणि पाणी पिऊन तिलाच घेऊन गेला तर?"



दुसऱ्या दिवशी श्रुतिका उठून बसेना. डॉक्टर म्हणाले, आता दाखल करा. चेतनाने बॅग भरली. निहार गाडी आणायला खाली गेला. दुपार टळटळीत होती.

टिण्... टिण्...

चेतना माझ्याकडे पाहत राहिली. मग श्रुतिकाला कवटाळून तिने खोलीचं दार आतून लावून घेतलं.

माठातलं पाणी मी तांब्यात भरलं. सेफ्टी डोअर उघडला. झळ अंगावर आली, भट्टीचं तोंड उघडावं तशी. मी खाली वाकलो. उंबऱ्याबाहेर, त्या मोकळ्या जागेसमोर, उजव्या हाताने तांब्या ठेवला.

"घ्या. फार लांबून आलात. आम्हाला विचारायला उशीर झाला, माफ करा."

मान वर करायची हिंमत झाली नाही.

मग... घोट ऐकू आले.

सावकाश. एकेक. फार दिवसांनी पाणी पिणारा माणूस पितो तसे.

आवाज थांबला तेव्हा तांब्या आतून कोरडा ठणठणीत होता. मी पुन्हा भरला. तोही संपला. तिसऱ्यांदा भरला, तेव्हा निम्मं पाणी उरलं.

झळ माझ्या अंगावरून सरली. पायरी पायरी उतरत गेल्यासारखी... खाली गेली.

आणि आतून चेतना ओरडली, "बाबा!"

लंगडत आत गेलो. तिने दार उघडलं होतं. श्रुतिका घामाने निथळत होती. मी कपाळाला हात लावला. गार होतं. पोर गाढ झोपली होती.

निहारने गाडी परत लावली. संध्याकाळी श्रुतिका उठली. मऊ भात खाल्ला. पाण्याचा ग्लास अर्धा पिऊन बाजूला ठेवला. त्या अर्ध्या ग्लासाकडे बघून चेतना रडली.

सकाळी कबुतरं परत आली. पहिल्यांदाच त्यांना कुणी शिव्या घातल्या नाहीत.

इथेच हे संपलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो.

त्या सकाळी आम्ही चहा पीत होतो. श्रुतिका माझ्या मांडीवर येऊन बसली. म्हणाली, "आबा, ते आजोबा गेले. तुला निरोप दिलाय."

"मला? काय गं?"

"पाणी दिलंस ना तू. म्हणून म्हणाले, आता तुम्ही या एकदा आमच्याकडे."

पोर हसत होती. निहार, चेतना, सगळेच किती दिवसांनी हसत होते. मला तर काय करू नि काय नको असं झालं होतं. आणि आनंदात माणूस सवयीचंच बोलतो.

"येईन की," मी म्हणालो. "नक्की येईन."

तेव्हापासून रोज दुपारी... माझ्या चपला वळलेल्या असतात.

मी त्या दाराकडे टोकं करून काढतो. दुपारची झोप झाली की पाहावं, तर टोकं जिन्याकडे. घालून चालायला लागायचं, एवढंच बाकी. निहार म्हणतो, शिकवणीची मुलं खोड्या करतात. पण रविवारी शिकवणी नसते.

मुलांना मी नेहमी सांगत आलो, की दिलेला शब्द पाळावा.

आज दुपारीही मी चपला पुन्हा दाराकडे वळवून ठेवल्या. त्या गरम होत्या.