तिसरी अट

"ज्या शहाण्याने हा फॉन्ट काढून टाकला ना, तो एकदा समोर यायला हवा," मी शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला म्हणाले.

त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. "आलाय," तो म्हणाला. "मीच तो... शहाणा."

वाचनालयाच्या वरच्या खोलीत मोफत ऑफिस सॉफ्टवेअरच्या स्वयंसेवकांची बैठक होती आणि मी दवाखान्याच्या कचेरीतून तावातावाने तिथे आले होते. बंगाली रुग्णांसाठी सूचनापत्रकं मी करते. नवी आवृत्ती आली आणि आमचा फॉन्ट यादीतून गायब. आमचाच, कारण तो माझ्या बाबांनी घडवलेला. आई बंगाली होती. छापखान्यात अक्षरं रेखाटणाऱ्या माझ्या मराठी बाबांनी तिच्यासाठी तिची लिपी शिकून घेतली, अक्षर न् अक्षर हाताने काढलं आणि फॉन्टला आईचंच नाव दिलं. आई गेल्यावर रोज कामाला बसताना यादीत तिचं नाव दिसायचं, तेवढ्याने माझा दिवस नीट जायचा.

त्या शहाण्याने शांतपणे समजावलं. बाबांनी फॉन्ट नुसता तोंडी 'घ्या' म्हणून दिलेला, लायसन्सचा कागद नाही. कागद नसेल तर उद्या कुणीही उपटसुंभ त्यावर हक्क सांगेल. शिवाय नव्या आवृत्तीत त्याची जोडाक्षरं तुटत होती. पंधरा दिवसांत बाबांची सही आणि दुरुस्ती दोन्ही झालं, तरच फॉन्ट परत येणार होता. मी त्याचं नाव कागदवाला ठेवलं. त्याने माझं तक्रारखातं.

मग तो रोज संध्याकाळी लॅपटॉप घेऊन आमच्या जेवणाच्या टेबलावर बसू लागला. त्याला बंगालीचा गंध नव्हता. कुठली मात्रा कुठे बसते ते मी सांगायची, तो दुरुस्त करायचा, चहा गार व्हायचा. मधेच कोपराला कोपर लागलं की दोघंही उगाच स्क्रीनकडे बघायचो. दहाव्या दिवशी त्याने माझ्याच बंगाली पत्रकातली जोडाक्षराची चूक काढली. माझी चूक कुणी काढली तर मी घर डोक्यावर घेते... त्या दिवशी मी नुसती हसले. बाबांनी वर्तमानपत्राआडून ते पाहिलं.

चौदाव्या दिवशी बाबा सहीला बसले. भिंग लावून वाचता वाचता तिसऱ्या अटीवर थांबले. बदल केलेल्या फॉन्टला मालकाच्या लेखी परवानगीशिवाय मूळ नाव देता येणार नाही.

"म्हणजे दुरुस्त केलेल्याला हिच्या आईचं नाव नाही?"

"तुम्ही लिहून दिलंत तर राहील," कागदवाला म्हणाला.

बाबांनी पेनाचं टोपण लावलं. "तिचं नाव मी परक्याच्या हाती देत नसतो. घरच्याची गोष्ट वेगळी."

उद्याची मुदत, आणि बाबांचा हट्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कागदवाल्याचे कान लाल झाले होते. तो बाबांना नाही, मला म्हणाला, "एक सांगायचं राहिलं. दुरुस्ती... तिसऱ्याच दिवशी झाली होती."

"मग बाकीचे दिवस काय करत होतास?"

"तुझ्याशेजारी बसलो होतो. मला आवडतेस तू. बाबा काहीही म्हणोत, तू नाही म्हणालीस तरी फॉन्ट दुरुस्तच राहील. पण... तू हो म्हणावंस असं फार वाटतं."

मी त्याच्याकडे पाहिलं. माझ्यासाठी एक लिपी शिकलेला माणूस. आमच्या घरात ही दुसरी वेळ.

"हो," मी म्हणाले. "पण मलाही तिसरी अट लागू. लग्नानंतर माझं नाव बदलणार नाही."

"त्याला हात लावायची माझी काय टाप," तो म्हणाला.

बाबांनी वर्तमानपत्राखालून एक कागद काढून पुढे सरकवला. परवानगी लिहून तयार होती, त्यांच्या त्या देखण्या अक्षरात: 'माझ्या पत्नीचं नाव या फॉन्टला ठेवण्यास माझे जावई यांना परवानगी आहे.'

खाली तारीख होती. चार दिवसांपूर्वीची.

पुढच्या महिन्यात दवाखान्यातल्या सगळ्या संगणकांवर नवी आवृत्ती आली. मी यादी उघडली आणि सगळ्या कचेरीला बोलावून आईचं नाव दाखवलं.