तिसऱ्या काट्याचं कनेक्शन

खोटं सांगून कुणाला काय मिळायचंय? हे घडलंय.

श्रीगोंद्याकडचा एक साखर कारखाना. साल अठ्ठ्याण्णव, भोगीचा दिवस.

आणि तेही भरदुपारी.

राजेश्वरी तिथं कॉम्प्युटरवर होती. नोकरी तात्पुरती. काटा पुन्हा अडला तर घरी बसा, असं साहेबांनी सकाळीच बजावलं होतं.

ऊस मोजायच्या काट्यांवरच्या स्क्रीन दोन मशीनांना जोडलेल्या. माहिती एकच, मशीन दोन. ज्यावर भार कमी, तिकडं कनेक्शन जायचं. एकीकडून तुटलं तर दुसऱ्यानं सांभाळायचं. हा नियम तिनंच बसवला होता.

त्या दिवशी साऱ्या स्क्रीन दुसऱ्या मशीनवरच जाऊन बसल्या. त्याचा दम निघाला. गाड्या खोळंबल्या.

तिनं कनेक्शनं वाटून दिली. परत तिकडंच गेली.

पुन्हा वाटली.

पुन्हा तेच...

ऊसतोडणीवाली चांगुणा गाडीवरूनच ओरडली, "ओ बाई, टीव्ही बघून झाला आसंल तर वजन घ्या! बैलं उभ्यानं वाळाय लागली."

"मग या आत, आणि तुम्हीच घ्या!" राजेश्वरी चिडली.

पहिल्या मशीनवर एकच कनेक्शन होतं. त्यानं अख्खं मशीन अडवलं होतं.

तिनं नाव पाहिलं...

तिसरा काटा.

तो तर बंद होता. स्क्रीन काढलेली. वायर कापलेली.

"उत्तमराव, तिसऱ्यावर कोण आहे?"

काटा सांभाळणाऱ्या उत्तमरावांनी हातातल्या पावत्या खाली ठेवल्या.

"मॅडम, मागच्या हंगामात भिमाजी गाडीवान तिथंच आल्ता. भरल्या गाडीचं वजन झालं. पुढं ऊस उतरायच्या आधीच गाडी उलटली, त्याच्याच अंगावर. जागीच गेला. रिकाम्या गाडीचं वजन ऱ्हाऊनच गेलं."

तिनं ते कनेक्शन तोडलं.

क्षणभर बरं वाटलं. मग ते दुसऱ्या मशीनवर उगवलं... तिच्याच नियमानं.

सगळे काटे बंद पडले. बाहेर शिव्या सुरू झाल्या.

"घे बाबा, घेते तुझं रिकामं वजन. मग तरी जा!"

तिनं बटण दाबलं.

बाहेरचा गलका थांबला. एकाही बैलाची घंटा वाजेना...

खिडकीतून तिसरा काटा दिसत होता. त्याची लोखंडी प्लेट हळूहळू खाली दबली.

वर काहीच नव्हतं.

स्क्रीनवर आकडा आला. भरल्या गाडीएवढाच.

रिकाम्या गाडीचं वजन म्हणून कॉम्प्युटर तो घेईना. तिनं पुन्हा दाबलं. तोच आकडा. पुन्हा. तोच.

"अरे, आधी गाडी तरी रिकामी करून आण!" ती रडकुंडीला येऊन ओरडली.

प्लेट वर आली. कुणीतरी निघून गेल्यासारखी...

पण कनेक्शन गेलं नाही.

शेवटी तिनं ते कनेक्शन परत पहिल्या मशीनवर नेलं आणि ते मशीन त्यालाच सोडून दिलं. बाकीच्या स्क्रीन हातानं दुसऱ्याला बांधल्या. काटे रडतखडत चालले. नोकरी टिकली.

पुढं पुण्याचा इंजिनिअर आला. वैतागून म्हणाला, "एका मशीनवर एवढा भार, आणि हे मोकळंच ठेवलंय?"

तिनं त्याला त्या मशीनला हात लावू दिला नाही.

हंगाम संपला. टोळ्या गावी गेल्या. यार्डात एकही गाडी उरली नाही.

तरी भरदुपारी प्लेट दबते...

आणि आकडा किलोभरही उतरत नाही.