मलप्पाच्या हाताचं माप

"मेलेलं उकरायला का लावता रे? चहा पाजला म्हणून सगळं ओकू का?" मलप्पा असा करवादायचा, शिव्या घालायचा, आणि मग सांगायचाच. सांगताना मात्र कुणाच्या डोळ्यात बघायचा नाही.

लातुरात औसा रोडला एका वृद्धाश्रमात तो म्हाताऱ्यांचं बघायचा. अंघोळ, जेवण, हागणंमुतणं, सगळं. तिथली चंद्रप्रभाबाई पार विसराळू झालेली. हात धुवून उठायची आणि म्हणायची, "वाढा की जेवायला." भूकंपात तिची धाकटी पोर, श्रद्धा, दगडमातीच्या माळवदाखाली गेली होती. पण हे मलप्पाला मागाहून कळलं. बाईच्या थोरल्या पोरानं, श्रीनाथनं, आश्रमात कधी सांगितलंच नव्हतं. श्रीनाथचा क्लास जोरात होता, नांदेडहून पोरं यायची.

एकदा अंघोळ घालताना बाईच्या मनगटावर काळेनिळे वळ दिसले. बोटांचे. पुढं दोन-तीनदा नवे उठले. मलप्पा आपल्या पायांनी मॅनेजर रुद्रेशकडं गेला.

"साहेब, शेजारी हॉस्टेलचं बोअर मारायलेत. मशीन लागलं, जमीन हादरली की वळ उठतात. बाईला कुणीतरी वढायलंय."

"कुणीतरी कशाला? अंघोळ तूच घालतोस ना?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी श्रीनाथ आला. सगळ्या बायामाणसांदेखत त्यानं मलप्पाला आईपुढं बसवलं.

"ठेव हात. जुळतो का बघू दे."

ज्या हातानं घास भरवले तोच हात मलप्पानं तिच्या मनगटावर ठेवला. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं त्याला. मान वर होईना.

हात वळांवर मावला नाही. वळ लेकराच्या मुठीएवढे होते.

तेवढ्यात बाहेर मशीन लागलं. काचा थरथरल्या. माळवदाच्या कोंदट पांढऱ्या मातीचा वास सुटला. मलप्पानं हात मागं घेतला, पण बाईचा हात खाली आलाच नाही. तो अधांतरी ताणला गेला. कातडीत खळगे पडले, एकेक बोट रुतावं तसे... आणि बोटं तर कुठंच नव्हती.

"येते गं श्रद्धे... वढू नको," बाई पुटपुटली. "आधी दादाला काढ... झोपलाय तो..."

श्रीनाथच्या तोंडाचं पाणी पळालं.

बाईचा हात मांडीवर पडला. मशीन बंद झालं. मलप्पाला वाटलं, आता तरी हा माणूस 'चुकलो' म्हणेल. श्रीनाथ उठला. एका अंगाला वाकलेला, उजवा हात पुढं, कमरेच्या खाली ताणलेला. बूट फरशीवर रेटत होता, तरी दाराकडं चाललाच होता. जमीन तर केव्हाच थांबली होती...

"बाईला पुन्हा वळ न्हाई उठले," मलप्पा सांगायचा. "क्लासला कुलूप हाय म्हनतात. असंना का! चारचौघांत माझा हात मोजला त्यानं. माफी मागायची ऱ्हायली हाय अजून. कुठं असंल तिथनं यावं आन् मागावी, त्या श्रीनाथनं."